चॅटनूगाची घरपट्टी

लेकीकडे पोचून चार दिवस झाले आणि मी तिला विचारलं, "इथं घरपट्टी किती येते गं?" ऑक्टोबर २०२३चा पहिला आठवडा होता. पुणे जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या कर विभागात माझी एकतीस वर्षं गेली. कोणत्याही गावात गेले तरी तिथला कर कसा बसतो, तो कोण ठरवतं आणि त्यातून काय उभं राहतं, हे कळेपर्यंत ते गाव पाहिल्यासारखं मला वाटत नाही. लेकीनं संगणक उघडून पत्ता टाकला आणि घराची सगळी नोंद समोर आली: जागेचं क्षेत्रफळ, बांधकामाचं वर्ष, मागच्या खरेदीची किंमत, ठरवलेलं मूल्य, बसलेला कर. मग तिनं शेजारच्या घराचा पत्ता टाकला. तीही नोंद तशीच उघडली. साऱ्या गावाची आकारणीची वही गावासमोर उघडी ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

चॅटनूगा हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातलं, जॉर्जियाच्या सीमेला टेकलेलं शहर. अटलांटाच्या विमानतळावरून मोटारीनं दोन तास. एका बाजूला लुकआउट माउंटन आणि मधून टेनेसी नदीचं मोठं वळण. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या १,८१,०९९. एवढ्या वस्तीचं गाव आपल्याकडे 'अ' वर्ग नगरपरिषदेत बसतं, म्हणून मला ते पहिल्यापासून आपल्या मापाचं वाटलं. न्यूयॉर्क-शिकागोचा कारभार पाहून आपल्याला काय उपयोग, असं मनात येतं. इथं तसं होत नाही.

घरपट्टीचा हिशेब असा. घराचं बाजारमूल्य तीन लाख डॉलर धरलं, तर राहत्या घरासाठी त्याची २५ टक्के रक्कम, म्हणजे ७५ हजार, करपात्र ठरते. २०२३मध्ये तिच्या दर शंभर डॉलरमागे शहराचा कर २.२५ डॉलर आणि हॅमिल्टन काउंटीचा २.२३७३ डॉलर होता. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. दोन्ही मिळून वर्षाचे सुमारे ३,३६५ डॉलर होत. बिलं दोन, कार्यालयंही दोन. एक ऑक्टोबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत भरायची मुदत. शहराच्या वाट्यातून पोलीस, अग्निशमन, रस्ते, कचरा, बागा. काउंटीच्या वाट्यातला मोठा भाग शाळांना. शहराच्या स्वतःच्या शाळा होत्या, त्या १९९७मध्ये काउंटीच्या शाळांत विलीन झाल्या.

मूल्यांकन दर चार वर्षांनी नव्यानं होतं. हे ऐकून परक्या गावात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं, कारण आमची चतुर्वार्षिक आकारणी हेच तर माझं आयुष्यभराचं काम. त्या वर्षात आमच्या कार्यालयाच्या जिन्यावर हरकतींच्या अर्जांची रांग लागायची. इथं राज्याच्या कायद्यात एक कलम आहे, ते मात्र मला आपल्याकडे हवंसं वाटलं. घरांच्या किमती वाढल्या म्हणून पालिकेनं गुपचूप जास्त पैसा गोळा करायचा नाही. नव्या मूल्यांवरही एकूण वसुली आधीइतकीच राहील असा कमी दर आधी काढायचा, आणि त्याहून जास्त हवं असेल तर जाहीर सूचना देऊन, सुनावणी घेऊन, सदस्यांनी उघड मतदान करायचं. २०२१मध्ये हेच झालं. जुना दर २.२७७ होता, नव्या मूल्यांवर तो १.८५च्या आसपास उतरला. त्याच उन्हाळ्यात कचऱ्याच्या गाड्यांना चालक मिळेनात, म्हणून घरोघरचा पुनर्वापराचा कचरा उचलणं शहराला काही काळ थांबवावं लागलं होतं. महापौर टिम केली नुकतेच निवडून आले होते. पोलीस, अग्निशमन दल आणि इतर कर्मचारी यांचे पगार वाढवल्याशिवाय माणसं टिकणार नाहीत, असं सांगून त्यांनी २.२५चा दर मागितला आणि नगर परिषदेनं तो दिला. करवाढ कोणालाच आवडत नाही. पण ती कोणी केली आणि कशासाठी केली, हे इथल्या माणसाला बोट ठेवून दाखवता येतं.

एक गोष्ट खटकली. टेनेसीत पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे भार विक्रीकरावर पडतो. चॅटनूगात तो ९.२५ टक्के आहे, आणि दर थोडा कमी असला तरी दूध-पिठासारख्या अन्नावरही तो लागतो. मी तिथं होते तेव्हा ऑगस्ट ते ऑक्टोबर अशी तीन महिने किराण्याला सूट होती. ती संपली की मोलमजुरी करणारी बाईही भाजीच्या पिशवीवर कर भरणार. याचं समर्थन मला कोणी पटवून देऊ शकलं नाही.

रविवारी आम्ही वॉलनट स्ट्रीटच्या पुलावर गेलो. १८९१ साली बांधलेला हा लोखंडी पूल २,३७६ फूट लांब आहे. तो नदीचे दोन्ही काठ जोडतो आणि त्यावरून फक्त माणसं चालतात, सायकली जातात. खाली लाकडी फळ्या आहेत. माझ्या नातवाची स्कूटर त्यावरून खडखडत पुढं गेली की आवाज बराच वेळ ऐकू येत राहायचा. १९७८मध्ये पूल धोकादायक म्हणून वाहनांना बंद झाला. पाडून टाकायचं चाललं होतं, पण गावातल्या लोकांनी तो वाचवायचा हट्ट धरला आणि १९९३मध्ये पादचाऱ्यांसाठी तो पुन्हा उघडला.

पुलाच्या कठड्याला टेकून दोन्ही काठ पाहताना, हेच गाव १९६९ साली देशातल्या सगळ्यात घाण हवेचं गाव होतं, यावर विश्वास बसत नाही. ओतकामाचे कारखाने, कोळसा, शेजारी लष्करी दारूगोळ्याचा कारखाना आणि भोवती डोंगर, त्यामुळे धूर अडकून राहायचा. केंद्र सरकारच्या अहवालात हवेतल्या कणांच्या बाबतीत चॅटनूगाचा क्रमांक सर्वांत वाईट लागला आणि वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांनी दूरचित्रवाणीच्या बातम्यांत ते साऱ्या देशाला सांगितलं. जुने लोक सांगतात, भरदिवसा मोटारींचे दिवे लावावे लागत, कचेरीत जाणारी माणसं दुपारसाठी दुसरा सदरा बरोबर नेत. त्याच वर्षी इथं हवेच्या प्रदूषणाचा कडक नियम झाला आणि कारखान्यांना १९७२पर्यंतची मुदत दिली गेली. हवा सुधारली. पण तोवर कारखानेच बंद पडू लागले होते. रेल्वेचं हे एवढं मोठं ठाणं, तर १९०९चं टर्मिनल स्टेशन १९७०मध्ये बंद झालं. आज या गावात प्रवासी रेल्वे येत नाही. १९८०मध्ये सुमारे १ लाख ६९ हजार असलेली वस्ती १९९०मध्ये १ लाख ५२ हजारांवर आली.

मग गाव सावरलं कसं? मी हा प्रश्न भेटेल त्याला विचारला. प्रत्येकाच्या उत्तरात १९८४ साल आलं. त्या वर्षी 'व्हिजन २०००' नावानं गावभर बैठका झाल्या. वीस आठवडे, सुमारे १,७०० माणसं, आणि शेवटी गावाला काय हवं याची ४० उद्दिष्टं. नदीकाठ लोकांसाठी मोकळा करा, हे त्यातलं मोठं मागणं. नदी आणि गाव यांच्यामध्ये तेव्हा कारखाने आणि महामार्ग होता. पुढं १९९२मध्ये नदीकाठी गोड्या पाण्यातल्या जीवांचं मत्स्यालय उभं राहिलं, त्याचे ४.५ कोटी डॉलर मुख्यतः देणग्यांतून आले; कोका-कोलाच्या बाटल्या भरण्याच्या धंद्यात इथं झालेल्या संपत्तीचा त्यात मोठा हात होता. त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या मोफत बस सुरू झाल्या. त्यांची रचना मला फार आवडली. मार्गाच्या दोन्ही टोकांना मोटारी ठेवायचे वाहनतळ, तिथं पैसे द्यायचे आणि मधल्या बाजारात फुकट बसनं फिरायचं. वाहनतळाच्या उत्पन्नावर बस चालायची. २००५पर्यंत नदीकाठचा महामार्गही अरुंद होऊन साधा रस्ता झाला. लोकांना विचारून केलेल्या याद्या बहुतेक कपाटात जातात, हे मी नोकरीत पाहिलं आहे. इथली यादी कपाटाबाहेर राहिली, कारण ती कोणा एका सल्लागाराची नव्हती. १,७०० माणसांना ती तोंडपाठ होती.

तरी या गावाचं खरं बळ मला दुसरीकडे दिसलं. ते गावाच्या विजेच्या कंपनीत आहे.

ईपीबी ही चॅटनूगाची नगराच्या मालकीची वीज वितरण संस्था. १९३५च्या कायद्यानं ती जन्मली आणि १९३९मध्ये खासगी कंपनीची यंत्रणा हाती घेऊन वीज देऊ लागली. वीज येते टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या धरण-वीज महामंडळाकडून. सत्तर वर्षं हे साधं, नेमस्त काम चालू होतं. मग प्रश्न आला की तारांच्या जाळ्यात बिघाड झाला तर तो नेमका कुठं, हे कळायचं कसं? ग्राहकाचा फोन आल्यावरच कळायचं. म्हणून साऱ्या जाळ्याबरोबर ऑप्टिकल फायबर टाकायचं ठरलं. २००९मध्ये केंद्राच्या मंदी-निवारण निधीतून ११ कोटी डॉलरहून अधिक अनुदान मिळालं आणि काम वेगानं झालं. आता फांदी पडून तार तुटली, तर खांबांवरचे स्वयंचलित स्विच आपसांत निरोप देऊन तेवढाच तुकडा तोडतात आणि बाकीच्या घरांना दुसऱ्या बाजूनं वीज वळवतात. पूर्वी ज्या गल्लीला दोन तास अंधारात बसावं लागायचं, तिथं दिवे क्षणभर मिचकावतात.

तेच फायबर घरापर्यंत नेलं की इंटरनेट झालं. सप्टेंबर २०१०मध्ये ईपीबीनं आपल्या क्षेत्रातल्या प्रत्येक घराला एक गिगाबिट वेगाची सेवा देऊ केली. सुमारे ६०० चौरस मैलांत, डोंगरावरच्या एकट्या घरालासुद्धा. देशात हे कोणी केलं नव्हतं. सुरुवातीला महिना ३५० डॉलर पडत, २०१३मध्ये ते ७० झाले. २०१५मध्ये वेग दहा गिगाबिट, २०२२मध्ये पंचवीस. केबल कंपन्यांनी सुरुवातीलाच न्यायालयात जाऊन हे अडवायचा प्रयत्न केला, तो फसला. पण राज्याच्या कायद्यानं एक कुंपण घातलं आहे: ईपीबीनं आपल्या विजेच्या हद्दीबाहेर इंटरनेट द्यायचं नाही. केंद्रीय दूरसंचार आयोगानं २०१५मध्ये हे कुंपण काढायचा निर्णय दिला, २०१६मध्ये अपील न्यायालयानं तो फिरवला. त्यामुळे हद्दीच्या अलीकडचा शेतकरी पंचवीस गिगाबिटपर्यंत मागू शकतो आणि पलीकडच्या शेतकऱ्याला ईपीबीकडे मागताच येत नाही. गावाला आणखी द्यायचं आहे, लोकांना हवं आहे, आणि कायदा मध्ये उभा आहे. मला याचा राग येतो.

टेनेसी विद्यापीठाच्या चॅटनूगा शाखेतले अर्थशास्त्रज्ञ बेंटो लोबो यांनी पहिल्या दहा वर्षांतला लाभ २६९ कोटी डॉलर आणि रोजगार ९,५१६ असा मांडला. असे आकडे गृहीतकांवर उभे असतात, ते मी जपूनच घेते. मला जास्त मोलाची वाटली ती २०२०ची गोष्ट. महासाथीत शाळा बंद झाल्या तेव्हा काउंटीतल्या गरीब घरांतल्या सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांना घरी मोफत इंटरनेट द्यायची योजना काही आठवड्यांत उभी राहिली. तारा आधीच दारापर्यंत होत्या आणि त्या गावाच्या होत्या, म्हणून ते जमलं. माझी लेकही याच फायबरवर घरून काम करते.

मग मी सहज पाणीपट्टीचं विचारलं आणि थक्क झाले. वीज गावाची, इंटरनेट गावाचं, आणि पिण्याचं पाणी खासगी कंपनीचं! टेनेसी अमेरिकन वॉटर ही कंपनी नदीचं पाणी उचलते, शुद्ध करते, विकते. तिचे दर राज्याचा आयोग ठरवतो. १९९९मध्ये तेव्हाचे महापौर जॉन किन्सी यांनी ही यंत्रणा शहराकडे घ्यायचा प्रयत्न केला, पण तो सोडून द्यावा लागला. आपल्याकडे नगरपरिषदेचं पहिलं काम म्हणजे नळाला पाणी. पाणी सुटलं नाही तर लोक नगराध्यक्षांच्या दारात घागरी घेऊन येतात. इथं महापौरांच्या दारात जाऊन उपयोग नाही.

वापरलेलं पाणी मात्र पुन्हा शहराचं. मॉकसिन बेंडला मलजलशुद्धीकरण केंद्र आहे. जुन्या वाहिन्यांत पावसाचं पाणी शिरून मैला नदीत जायचा, म्हणून २०१२मध्ये केंद्र सरकारनं शहराशी न्यायालयीन करार केला आणि सुमारे २५ कोटी डॉलरची दुरुस्ती बंधनकारक केली. पर्यटकांच्या माहितीपत्रकात हे नसतं, आणि एका अर्थी ते ठीकच आहे. पण जमिनीखालच्या नळांवर पैसा घालायला मतं मिळत नाहीत, हे जाणणाऱ्या मला ती रक्कम मत्स्यालयाहून मोठी वाटली.

वाढ परत आली ती कारखान्यांसह. दारूगोळ्याच्या त्या बंद कारखान्याच्या विस्तीर्ण जमिनीवर फोक्सवॅगननं २००८मध्ये प्रकल्प जाहीर केला आणि २०११मध्ये मोटारी बाहेर पडू लागल्या. चाकणचा त्यांचा कारखाना २००९चा. आमच्या भागातली शेतं, रस्ते, भाडी त्यानं कशी बदलली ते मी कराच्या वह्यांतून पाहिलं होतं. म्हणून इथं लेकीच्या ओळखीचे लोक घरांच्या किमतींबद्दल बोलू लागले की मला ते नवं वाटत नसे. महापौर केली यांनी २०२२मध्ये परवडणाऱ्या घरांसाठी दहा कोटी डॉलर उभे करायची योजना जाहीर केली. नदीकाठ सुंदर झाला की तिथं कोण राहू शकतं, हा प्रश्न त्यामागं आहे.

वॉलनट स्ट्रीटच्या त्या पुलाच्या दक्षिण टोकाला एक स्मारक आहे. १९ मार्च १९०६ रोजी एड जॉन्सन या कृष्णवर्णीय तरुणाला जमावानं तुरुंगातून ओढून आणलं आणि याच पुलाला फाशी दिलं. त्याच्या शिक्षेला सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली होती. या अवमानाबद्दल न्यायालयानं शेरिफ जोसेफ शिप यांच्यावर खटला चालवून १९०९मध्ये त्यांना दोषी ठरवलं. त्या न्यायालयानं स्वतः चालवलेला हा एकमेव फौजदारी खटला. २०००मध्ये जॉन्सनची शिक्षा रद्द झाली आणि २०२१मध्ये स्मारक उघडलं. स्मारकात फासाकडे पाठ करून चालत निघालेला जॉन्सन, आणि जवळ त्याचे दोन कृष्णवर्णीय वकील, नोआ पार्डन आणि स्टाइल्स हचिन्स. आम्ही तिथं बराच वेळ उभे होतो. नातवाला काय सांगायचं ते लेकीनं आधीच ठरवलं होतं. तिनं सगळं खरं सांगितलं.

शेवटच्या आठवड्यात मी मंगळवारी नगर परिषदेच्या सभेला गेले. नऊ प्रभाग, नऊ सदस्य. एकेकाच्या वाट्याला सुमारे वीस हजार माणसं. ही रचना फुकट मिळालेली नाही. १९११पासून पाच आयुक्त साऱ्या शहरातून निवडून येत, त्यामुळे कृष्णवर्णीय वस्त्यांची मतं विरघळून जात. बारा कृष्णवर्णीय नागरिक १९८७मध्ये न्यायालयात गेले, १९८९मध्ये ती पद्धत मतदान हक्क कायद्याविरुद्ध ठरली आणि १९९०पासून महापौर आणि प्रभागवार परिषद आली. आपल्याकडे प्रभाग एकसदस्यीय की बहुसदस्यीय हे दर निवडणुकीला बदलतं तेव्हा लोकांना तो तांत्रिक विषय वाटतो. त्या सभागृहात बसल्यावर तो तसा वाटत नाही.

विषयपत्रिका हातात मिळाली. नियम पहिल्या वाचनाला एका सभेत, अंतिम वाचनाला दुसऱ्या सभेत, म्हणजे मधल्या दिवसांत लोकांना कळायला वेळ. एका जुन्या वस्तीत एका घराच्या जागी जास्त घरं बांधता यावीत म्हणून झोन बदलण्याचा अर्ज होता. एक वयस्क कृष्णवर्णीय बाई काठी टेकत माईकपाशी आल्या. बोलायला तीन मिनिटं. घरं नकोत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्या घरांचं भाडं आपल्या गल्लीतल्या कोणाला परवडेल, एवढंच त्या विचारत होत्या. सदस्यांनी प्रश्न विचारले, बांधकाम करणाऱ्यानं उत्तर दिलं, ते पुरेसं वाटलं नाही आणि विषय पुढच्या सभेवर गेला. बाई जागेवर जाताना त्यांच्या प्रभागाच्या सदस्यानं त्यांना नावानं हाक मारून तारीख सांगितली.

त्या तारखेला मी परत घरी होते. २०२४मध्ये शहरानं १९६१पासूनचा झोनिंगचा नियम बाजूला ठेवून नवा मंजूर केला. लेकीनं फोनवर ते सांगितलं तेव्हा मी तिला म्हटलं, त्या गल्लीतून एकदा चक्कर मारून ये आणि तिथं काय बांधलं जातंय ते मला कळव.